पहिला ट्रोल टेबलवर उतरवताना: कोल्हापूरच्या नव्या डीएमसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून टेबलाभोवती खेळायची गोष्ट) चालवायला घेतलेला नवा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस खेळवणारा डंजन मास्टर, पहिल्या महिन्यातच ड्रॅगन आणायला बघतो. खेळाच्या नावातच आहे म्हटल्यावर मोह होणारच. पण ड्रॅगन उडतो, लांबून आग ओकतो, आणि शहाणपणाने खेळवला तर खाली उतरतच नाही. नवख्या हातात तो एक तर अख्खी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) जाळून मोकळा होतो, नाही तर जमिनीवर बसून मुकाट मार खातो. माझं ऐकाल तर पहिला मोठा राक्षस म्हणून ट्रोल घ्या. अंगात रग आहे, डोक्यात फारसं काही नाही, मंत्र नाहीत, पंख नाहीत. सांभाळायची गोष्ट एकच: मेला म्हणून सोडून दिला की तो उठतो. तेवढी एक गोष्ट नीट चालवली की टेबलावर सगळ्यांना घाम फुटतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला, तेव्हापासून ट्रोल त्यात आहे. खालचे सगळे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ च्या नव्या पुस्तकांत ट्रोल बदलला आहे, त्यामुळे कुणी मोबाइलवर शोधून वेगळा आकडा दाखवला तर वाद घालत बसू नका. कुठली आवृत्ती ते पहिल्या दिवशीच ठरवा आणि त्यावर राहा.

१. साहित्य जमवा

- नियम: एसआरडी ५.१ ही मूळ नियमांची फाइल फुकट मिळते. जानेवारी २०२३ पासून ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे आणि ट्रोल तिच्यात आहे. सुरुवातीला जाडजूड पुस्तकांवर पैसे घालायची गरज नाही. ट्रोलचं तेवढं पान छापून घ्या.
- फासे: सात फाशांचे किमान दोन संच. खेळण्यांच्या नेहमीच्या दुकानात बहुधा मिळणार नाहीत, ऑनलाइन मागवा. ट्रोलसाठी तुम्हाला वीस बाजूंचा एक आणि सहा बाजूंचे दोन फासे सारखे लागतील.
- नकाशा: एक इंचाच्या चौकटी छापलेला तीन बाय दोन फुटांचा फ्लेक्स. चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लावणाऱ्या आपल्या गावात फ्लेक्स छापणाऱ्यांची वानवा नाही. मॅट मागा, चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि समोरच्याला काही दिसत नाही. दुकानातून निघण्याआधी पट्टीने चौकट मोजा, कारण छापताना फाइल ताणून बसवायची सवय सगळीकडे आहे. वर डायनिंग टेबलचं पारदर्शक प्लास्टिक अंथरा, म्हणजे व्हाइटबोर्डच्या मार्करने काढून पुसता येतं.
- ट्रोल: गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत शाडू मिळते, त्यातली मूठभर पुरे. बुड दोन इंच बाय दोन इंच ठेवा. ट्रोल ‘लार्ज’ आहे, म्हणजे दोन बाय दोन चौकटी अडवतो, आणि एक चौकट पाच फुटांची. हात गुडघ्याखाली जातील इतके लांब करा, नाक लांब, अंग किडकिडीत. शाडू वाळताना हात तुटतोच. तुटू दे, पुढे कामाला येतो.
- एक काडेपेटी. पेटवायला नाही, ती कशाला, ते चौथ्या पायरीत.

२. पार्टीला झेपेल का, ते बघा

ट्रोलचं चॅलेंज रेटिंग (किती अवघड त्याचा आकडा) ५ आणि एक्सपी (त्याला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) १८००. चौघांची पार्टी धरली तर तिसऱ्या लेव्हलला हा ‘डेडली’ ठरतो, चौथ्या लेव्हलला ‘हार्ड’, आणि पाचव्या लेव्हलला चक्क ‘ईझी’. म्हणून चौथी लेव्हल ही त्याची खरी जागा.

पहिल्या लेव्हलच्या पोरांपुढे त्याला उभा करू नका. एका पंज्याचा मार २डी६ + ४ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक ४), म्हणजे जास्तीत जास्त १६. ७ एचपीच्या (एचपी म्हणजे अंगात उरलेला जीव) विझार्डला, म्हणजे जादूगाराला, एकाच वेळी १४ लागले की शून्यावर येऊनही ७ शिल्लक राहतात, आणि नियमाप्रमाणे तो बेशुद्ध न पडता जागीच मरतो. डेथ सेव्ह (जीव वाचवायला टाकायचा फासा) नाही, काही नाही. पहिल्या रविवारी असं झालेला खेळाडू दुसऱ्या रविवारी येत नाही.

३. ट्रोलचा कागद हाताने लिहा

छापील पान जवळ असू दे, पण एका कागदावर स्वतःच्या अक्षरात एवढं उतरवा: एसी १५ (त्याला लागायला हल्ल्याने गाठायचा आकडा). एचपी ८४. वेग ३० फूट. हल्ला +७ (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचे). एका टर्नमध्ये, म्हणजे त्याच्या एका पाळीत, एक चावा (१डी६ + ४, सरासरी ७) आणि दोन पंजे (प्रत्येकी सरासरी ११). अंधारात ६० फूट दिसतं. वासाच्या बाबतीत पर्सेप्शनला (चाहूल घेण्याच्या फाशाला) अ‍ॅडव्हांटेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा), म्हणजे वाऱ्याच्या दिशेने येणाऱ्याला लपणं अवघड. वासासाठी पॅसिव्ह (फासा न टाकता धरायचा आकडा) १७ धरा. बुद्धी ७.

त्याखाली मोठ्या अक्षरात: टर्न सुरू होताना +१०. बहुतेक डीएम हेच विसरतात. चौघं एकाच वेळी बोलत असतात, कुणी चहा विचारतो, आणि ट्रोलचा टर्न थेट पंज्यापासून सुरू होतो. +१० विसरलात तर तुमच्याकडे ट्रोल नाही, नुसता एक उंच गुंड आहे.

४. उठण्याचा नियम पाठ करा

नियम तीन ओळींचा आहे. ट्रोलचा टर्न सुरू होताना त्याला १० एचपी परत मिळतात. त्याला आग किंवा अ‍ॅसिडचा मार लागला असेल, तर त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला ते मिळत नाहीत. आणि टर्न सुरू होताना एचपी शून्य असतील व परतही मिळत नसतील, तरच तो मरतो.

वाचायला सोपं आहे, घोटाळा वेळेचा होतो. समजा पाळ्यांचा क्रम असा आहे (सुरुवातीला टाकलेल्या फाशाप्रमाणे, मोठा आकडा आधी): फायटर (लढवय्या) १८, ट्रोल १४, विझार्ड ११, क्लेरिक (पुजारी) ७, रोग (चोरटा) ५. ट्रोलकडे ९ एचपी उरलेत. विझार्डचा फायर बोल्ट (आगीचा मंत्र) ६ ला लागला, उरले ३. क्लेरिकने गदा घातली, शून्य. ट्रोल कोसळला. पुढच्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) १४ वर त्याचा टर्न येतो. शून्यावर आहे, मधे आग लागलेली आहे, संपला. शेवटचा घाव आगीचाच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही, हे इथे दिसतं.

आता दुसरा प्रकार. आग मागच्या राउंडला लागली होती. ट्रोलचा टर्न आला, १० मिळाले नाहीत, त्या आगीचं काम तिथेच संपलं. या राउंडला विझार्ड चुकला, क्लेरिकने गदेने शून्यावर आणला. रोग खिसे तपासायला वाकला. फायटर तलवार पुसून दाराकडे निघाला. १४ वर ट्रोलचा टर्न: +१०, आणि गडी उठला. उठायला त्याचा निम्मा वेग जातो, पण खिसे तपासणारा रोग तर शेजारीच आहे. ‘मगाशी आग लागली होती की!’ असं हमखास कुणीतरी ओरडतं. म्हणून काडेपेटी. आग किंवा अ‍ॅसिड लागलं की सगळ्यांसमोर ती ट्रोलच्या बुडाशी ठेवा. त्याचा टर्न आला आणि पेटी असेल तर उचला, १० देऊ नका. नसेल तर १० द्या. दोनेक राउंडनंतर खेळाडूच पेटीकडे बघायला लागतात, आणि वाद मिटतो.

शून्यावर पडलेल्या ट्रोलला बेशुद्ध धरा. त्याच्यावरच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतो, त्यामुळे टेंभा टेकवणं अवघड नसतं. जळता टेंभा लागला की १ आगीचा मार बसतो आणि तो १ पुरतो.

आकड्यांत बघा. चौथ्या लेव्हलची पार्टी सगळं धरून एका राउंडला साधारण २० मारते असं समजू. दर राउंडला आग लागत राहिली तर ८४ एचपी पाचव्या राउंडला संपतात. आग नसेल तर दर राउंडला निव्वळ १० च उतरतात आणि तो आठव्या राउंडपर्यंत उभा राहतो, आणि तेव्हाही उठतोच. एसी १६ च्या माणसावर ट्रोल राउंडला सरासरी १७ मारतो. पाच राउंडचे ८५ झाले, आठचे १४० च्या घरात. चौघांचे मिळून १२० एचपी असतील, तर आग नसलेली पार्टी कुठे जाते ते दिसतंच.

५. आग कुणाकडे आहे, ते आधी मोजा

खेळाच्या आदल्या दिवशी चौघांच्या कॅरेक्टर शीटचे फोटो मागवा आणि फक्त एवढंच शोधा:

- फायर बोल्ट, बर्निंग हँड्स, प्रोड्यूस फ्लेम, अ‍ॅसिड स्प्लॅश यांपैकी कुठला मंत्र कुणाकडे आहे का?
- टेंभे. एक तांब्याचं नाणं, तासभर जळतो. बहुतेकांच्या सामानात असतात आणि कुणाच्याही लक्षात नसतात.
- तेलाची कुपी. एक चांदीचं नाणं. अंगावर फोडून मिनिटाच्या आत आग लावली की ५ जास्तीचे लागतात.
- अ‍ॅसिडची कुपी, २५ सोन्याची नाणी, २डी६.
- अल्केमिस्ट्स फायर (पेटणाऱ्या चिकट द्रवाची कुपी), ५० सोन्याची नाणी. हिचा मार ट्रोलच्या टर्नच्या सुरुवातीलाच बसतो, म्हणजे नेमका +१० च्या क्षणाला. आधी काय मोजायचं ते खेळाआधी सांगून टाका. मी आग आधी धरायला सांगेन. ५० नाणी खर्चणाऱ्याला काहीतरी मिळू दे.

आणि एक सापळा: सेक्रेड फ्लेम हा क्लेरिकचा मंत्र. नावात ज्वाळा आहे, पण मार ‘रेडियंट’ आहे, आगीचा नाही. क्लेरिक खेळणारा खुशीत मंत्र टाकतो, लागतो, आणि काडेपेटी जागची हलत नाही. हे आधी सांगू नका, पण विचारलं तर लपवूही नका.

कुणाकडेच काही नसेल तर ट्रोल रद्द करू नका, आग जागेत ठेवा.

६. जागा: गुऱ्हाळ

पुस्तकात ट्रोल दलदलीत, गुहांत, डोंगरांत सापडतो. आपल्या टेबलासाठी मला गुऱ्हाळाइतकी चांगली जागा दुसरी सुचत नाही. भोवती पुरुषभर उंचीचा ऊस, ज्यात नऊ फुटी राक्षससुद्धा वाकला की दिसेनासा होतो. मधे पत्र्याची शेड आणि शेडच्या पोटात रात्रंदिवस धगधगणारं चुलवाण. कोल्हापूरच्या खेळाडूला याचं वर्णन दोन वाक्यांत कळतं, इंग्रजी किल्ल्यातला ‘ग्रेट हॉल’ समजावत बसावं लागत नाही.

नकाशा काढण्याआधी हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर, करवीर तालुक्यातलं एखादं गुऱ्हाळ बघून या. काय कुठे असतं ते टिपा: रस काढणारा चरक, चुलवाणावरची रुंद काहील, गूळ ओततात ते वाफे, आणि सरपणासाठी वाळवलेल्या चिपाडाचे ढीग. एक ग्लास रस प्या, गुळव्याला दोन प्रश्न विचारा, पण काहील उतरवत असतील तेव्हा मधे जाऊ नका.

टेबलावर हे असं वापरा. पुढचे निर्णय माझे आहेत, पटले तर घ्या:

चुलवाणातून ओढलेलं जळतं लाकूड टेंभ्यासारखं धरा, १ मार. चुलवाणात कुणी पडलं तर २डी१०. चिपाडाचा ढीग पेटला की दर राउंडला एक चौकट पुढे सरकतो, आणि मित्र-शत्रू बघत नाही. उकळती काहील कलंडवायला दोघांनी एकेक अ‍ॅक्शन द्यायची. समोरच्या तीन चौकटींत सगळ्यांना २डी१०, डेक्सटेरिटी सेव्ह (चपळाईने वाचायचा फासा) जमला तर निम्मं. उकळत्या रसाला मी आगच धरतो. कुणी त्यावर तात्त्विक चर्चा काढली तर त्याला चहा करायला पाठवा.

खेळाडू ट्रोलला चुलवाणात ढकलायला बघणारच. ढकलण्याचा नियम असा की समोरचा तुमच्यापेक्षा एकच माप मोठा चालतो. माणूस किंवा ड्वॉर्फ ट्रोलला ढकलू शकतो, हाफलिंग आणि नोम (या बुटक्या जाती, माप लहान) नाही. अ‍ॅथलेटिक्सचा सामना लावा, ट्रोलचे +४. जिंकलात तर पाच फूट मागे, म्हणजे एकच चौकट. तो चुलवाणाच्या तोंडाशी असेल तरच उपयोग, आणि त्याला तिथवर आणण्यातच खरी मजा आहे.

७. नाव घेऊ नका, खुणा पेरा

‘ट्रोल’ हा शब्द उच्चारलात की ज्याने दोन व्हिडिओ गेम खेळलेत तो म्हणणार, ‘भावा, आग आण!’ म्हणून गावकऱ्यांच्या तोंडी नाव देऊ नका. आधी त्यांना वाटू दे की उसात गवा शिरलाय. मग कुणी म्हणू दे, ‘गवा दोन पायांवर चालत नाही, दादा.’

तीन खुणा पुरतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एक, पाचट जाळलेल्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबलेल्या पावलांच्या खुणा. पट्टा ओलांडलेला नाही. दोन, गुऱ्हाळावरच्या सगळ्यांना जखमा, फक्त चुलवाणात चिपाड घालणारा धडधाकट. तो स्वतः म्हणेल, देवाची कृपा. तीन, कुणीतरी विळ्याने तोडलेला हात, टोपलीखाली झाकलेला, बोटं अजून हलताहेत. शाडूचा तुटलेला हात इथे टेबलावर ठेवा.

तिसरी खूण दाखवली की आपल्याकडच्या टेबलावर हमखास जरासंध निघतो. चिरायचा आणि दोन तुकडे दोन दिशांना फेकायचे! ट्रोलला त्याने काही होत नाही, तरी करू द्या. मधे एक राउंड वाया जातो, आणि वाया गेलेल्या राउंडनेच पुढची आग गोड लागते. तुटलेल्या अवयवांचा एक ऐच्छिक नियमही पुस्तकात आहे, पण पहिल्या खेपेला तो बाजूला ठेवा. एका ट्रोलबरोबर चार हात सांभाळायची वेळ आणू नका.

उसाचा फड पेटवून द्यायची कल्पनाही निघेल. शेतकऱ्याला मधे उभा करा. वर्षाचं पीक उभं आहे आणि हे परके लोक काडी मागताहेत. खेळाडू त्याच्याशी जे बोलतील ते ऐकण्यासारखं असतं, तिथे फासे लवकर मागू नका.

८. प्रत्यक्ष खेळवताना

ट्रोल डावपेच लढवत नाही. भूक लागलीय, समोर मांस आहे, एवढंच. जवळच्यावर तुटून पडतो. आग लावणारा दिसला की त्याच्याकडे वळवा, म्हणजे विझार्डला पळावं लागेल आणि फायटरला मधे येण्याचं कारण मिळेल. बेशुद्ध पडलेल्यावर मारत बसू नका. नियमात चालतं, पण टेबल रुसतं.

एचपीचा आकडा सांगू नका, जखम सांगा. पहिल्यांदा +१० द्याल तेव्हा घाई करू नका. ‘फायटरने खांद्यावर जो घाव घातला, त्याच्या दोन कडा एकमेकींकडे सरकताहेत. आत नवं मांस, ओलं, हिरवट. आता नुसता वळ उरलाय.’ एवढं बोलून गप्प बसा आणि पंजा टाका. पार्टीला तीन राउंडपर्यंत काहीच उमगलं नाही, तर चुलवाणातून एक ठिणगी उडून त्याच्या पायावर पडू दे, आणि तो आजवर ओरडला नाही असा ओरडू दे. मी यापेक्षा जास्त मदत करणार नाही, तुम्हीही करू नका.

वेळ आधीच धरा. पाच-सहा राउंडची लढाई नव्या पोरांबरोबर दोन तास खाते. जेवणाआधी संपवायची असेल तर चारला बसा. तांबडा-पांढरा आला की फ्लेक्सवर सांडणारच, आणि प्लास्टिक त्यासाठीही आहे.

९. मेल्यावर

१८०० एक्सपी चौघांत वाटा, प्रत्येकी ४५०. चौथी लेव्हल २७०० वर सुरू होते आणि पाचवी ६५०० वर, म्हणजे अजून बरंच चालायचं आहे.

शून्यावर आणि आगीसकट टर्न उलटला की ट्रोल कायमचा मेला, प्रेत जाळायची नियमात गरज नाही. गावकऱ्यांना मात्र हे पटणार नाही, ते जाळल्याशिवाय घरी जाणार नाहीत. जाळू द्या. टोपलीखालचा हात कुणी उचलला का, ते तेवढं विचारून घ्या, आणि कुणी पिशवीत टाकला असेल तर तुमच्या कागदावर टिपून ठेवा. मग गुळव्याला पुढे करा: काहील वाकलीय, रस मातीत गेलाय, चिपाडाचे दोन ढीग राख झालेत, आणि याचे पैसे कोण देणार ते त्याला आजच कळायला हवंय.